उलट्या रेघांचा तुकडा

बोगना चुकली ती चाळीस माणसांसमोर. आणि तिची चूक दाखवणारा त्या वेळी जमिनीला कान लावून आडवा पडला होता!

गुरुवार होता, पाहुण्यांना राजवाडा दाखवायची अकराची फेरी. वॉर्साच्या झोराव्स्की राजवाड्यातल्या नाचाच्या दालनात बोगनानं पाहुण्यांना अर्धगोलात उभं केलं. सगळ्यांनी बुटांवर जाड लोकरी सपाता चढवल्यात ना, ते पाहिलं. मग हनुवटी जराशी वर केली. ही तिची लकब. हनुवटी वर गेली की समजायचं, आता बाई बोलणार आणि आपण ऐकायचं.

"याच जमिनीवर अडीचशे वर्षांपूर्वी आमचा राजा नाचला. हेच लाकूड, हीच चांदणीची नक्षी. आणि पाय उचलू नका हं, खुशाल घासत चाला! तुमच्या सपातांनीच तर ही चकाकते. तिकीट काढून आमची जमीन पुसून देणारे पाहुणे आहात तुम्ही."

लोक हसले. इथे हसतातच. सहा वर्षांत एकदाही हे वाक्य वाया गेलं नव्हतं.

"पन्नास," खिडकीकडून आवाज आला.

बोगनानं वळून पाहिलं. लाल दोरीच्या पलीकडे एक माणूस गुडघ्यावर उठून बसत होता. तिशीचा असेल. केसांत भुसा, कानामागे पेन्सिल, हातात लाकडाची छोटी हातोडी.

"काय म्हणालात?"

"पन्नास वर्षं. अडीचशे नाही," तो शांतपणे म्हणाला. "राजा नाचला ती जमीन महायुद्धात जळाली. ही नंतरची आहे. माफ करा हं, मध्ये बोललो. जमिनीखाली काही पोकळ झालंय का बघत होतो, आणि ऐकू आलं."

चाळीस माणसं आधी त्याच्याकडे बघायला लागली, मग बोगनाकडे. एका आजीबाईंनी तर चक्क चष्मा पुसून घेतला, पुढचं नीट दिसावं म्हणून.

आता बोगना म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी पोरगी. तिच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. पण आवाज? आवाज जरासुद्धा हलला नाही.

"जमिनीचं काम करणाऱ्यांनी जमिनीशी बोलावं," ती गोड हसून म्हणाली. "पाहुण्यांशी मी बोलते."

"बरोबर आहे," तो म्हणाला. "म्हणून तर तिनं मला खरं वय सांगितलं."

पुन्हा हशा! या वेळचा मात्र त्याच्या वाट्याचा.

फेरी संपली आणि बोगना तडक परत आली, सपाता फरफटवत.

"तुम्ही कोण?"

"सेवेरिन स्मोलार. मागच्या थिएटरचं लाकूडकाम माझ्याकडे आहे. आणि तुम्ही बोगनाबाई. बाहेर सपाता वाटणाऱ्या काकांनी सांगितलं... जपून राहा असंही म्हणाले."

"मग राहायचं होतंत जपून! सहा वर्षं बोलतेय मी हे वाक्य. कार्यालयानं लिहून दिलेलं आहे."

"लिहिलेलं चूक आहे," तो म्हणाला. "ही जमीन माझ्या आजोबांनी बसवलीय. या, दाखवतो."

त्यानं तिला खिडकीजवळ नेलं आणि खाली बसायला लावलं. ओकचे हजारो तुकडे एकमेकांत बसलेले, सगळ्यांच्या रेघा चांदणीच्या मध्याकडे जाणाऱ्या. एका तुकड्याच्या मात्र आडव्या. उन्हाची तिरीप आली की तेवढाच एक काळपट दिसत होता.

"चुकून उलटा बसला?" तिनं विचारलं.

"मुद्दाम. आमच्या घरात प्रत्येक जण आपल्या कामात एक तुकडा उलटा बसवतो. सही करायला परवानगी कुठे असते आम्हाला? मग एवढी एक खूण. ज्याला माहीत आहे त्याला सापडते."

बोगना उठली आणि पुढच्या फेरीला गेली. संध्याकाळी मात्र दप्तरखान्यात जाऊन तिनं धुळीनं माखलेली फाईल काढली. दालनाचा जुना फोटो निघाला. छप्पर नव्हतं, जमीन नव्हती. राखेचा ढीग आणि त्यात उगवलेलं गवत. त्याच्यामागे पन्नास वर्षांपूर्वीचा दुसरा फोटो, त्यात गुडघ्यावर बसलेला एक उंच माणूस, कानामागे पेन्सिल. मागे नाव नव्हतं. 'कामगार' एवढंच लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती थिएटरात गेली.

"तुमचं खरं होतं," ती म्हणाली. एवढे तीन शब्द बोलायला तिला काय यातना झाल्या, त्या तिलाच ठाऊक. "पण सांगायची पद्धत चुकीची होती."

"तेही खरं," सेवेरिन म्हणाला. "सफरचंदाचा केक खाणार? दालचिनी जास्त पडलीय. मीच केलाय."

तिनं खाल्ला. दालचिनी खरंच जास्त पडली होती. तरी तिनं दुसरा तुकडा मागितला!

राजवाड्याच्या मागच्या बाजूला, विस्तुला नदीकडे तोंड करून हे छोटं थिएटर उभं होतं. लढाईनंतर चार भिंती उरल्या, त्यांवर कसंबसं छप्पर घालून त्याचं गोदाम केलं होतं. आता कुठे ते परत थिएटर होत होतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी उद्घाटन, आणि पाहुण्यांना थिएटर दाखवायची पहिली फेरी बोगनाची. मार्गदर्शकांच्या प्रमुख ल्युबोमिराबाईंनी तिलाच निवडलं होतं. म्हणून बोगना रोज दुपारी तिकडे जायची. कामच होतं बाई ते! झेनोनकाकांना तिनं तसं तीनदा सांगितलं होतं.

झेनोनकाका म्हणजे सपाता वाटणारे. माणसाच्या पायाकडे एकदा बघून बरोबर मापाचा जोड काढायचे. येताजाता बायकांच्या हाताचं चुंबन घ्यायचे, अगदी जुन्या वळणाचे गृहस्थ.

"कामच आहे, पोरी," ते म्हणायचे. "मी कुठे काय म्हणतोय? पण कामाला जाताना लिपस्टिक लावणारी तू पहिलीच."

सेवेरिन रंधा मारत असायचा, आणि ती रंगमंचाच्या कडेला पाय सोडून प्रश्न विचारायची. सरस कशाचा? कठडे कोणत्या लाकडाचे? तो उत्तरं द्यायचा, हात न थांबवता. मग हळूहळू हात थांबायला लागले. पत्र्यावर पाऊस वाजायचा, मेणाचा वास दाटून यायचा, आणि भुशाचा एखादा कण तिच्या बाहीवर येऊन बसायचा. तो काढायला त्याचा हात पुढे यायचा... आणि बाहीपाशी पोचायच्या आधीच परत फिरायचा.

"काय झालं?" ती विचारायची.

"काही नाही. बोगनाबाई, तुमच्या बाहीवर भुसा आहे."

"दिसतोय मला. तुम्ही काढणार होतात."

"तुम्ही रागावाल म्हटलं."

"मी काय उठसूट रागावते?"

"उठूनच नाही, बसल्या बसल्याही रागावता."

तिला हसू आवरायचं नाही. आणि तरीही बघा, दोघं अजून अहो-जाहोवरच होते! आम्हा वॉर्साच्या माणसांचं हे असंच. एकाच वयाची, रोज एकत्र केक खाणारी दोन माणसं, पण 'तू' म्हणायचं म्हणजे केवढा सोहळा. आणि ते म्हणायचा मान बाईचा. तिनं म्हणायचं, चला, आता अरे-तुरे करूया. मग पुरुषानं मान झुकवायची. त्यानं आपणहून तू म्हटलं तर तो उद्धट, आणि सेवेरिन काही झालं तरी उद्धट नव्हता. तो थांबला होता. हे बोगनाला कळत होतं, झेनोनकाकांना कळत होतं, कठड्यांवर सोनेरी रंग देणाऱ्या दोघी बायकांनाही कळत होतं.

पण बोगनाच्या तोंडून ते निघत नव्हतं. मनातल्या मनात मात्र तिचं कधीच अरे-तुरे सुरू झालं होतं. ट्राममध्ये खिडकीशी बसून ती त्याच्याशी भांडायची, तू असं का म्हणालास, तुला काय कळतं, तू कधी जेवतोस तरी का नीट! समोर आला की पुन्हा सेवेरिनराव, तुम्ही.

त्याला कारण होतं. बाविसाव्या वर्षी तिनं एकाला 'तू' देऊ केलं होतं. राजवाड्यातच कामाला होता तो. अंगणातल्या चेस्टनटच्या झाडाखाली तिनं धीर करून विचारलं, आता आपण अरे-तुरे करूया का? त्यानं घड्याळात पाहिलं आणि म्हणाला, "राहू द्या ना. असंच बरं वाटतं." दुसऱ्या दिवशी सगळं कार्यालय गालात हसत होतं. त्या दिवशी बोगनानं हनुवटी वर केली, ती तशीच ठेवली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, सेवेरिन हत्यारं पुसून पेटीत भरत होता. पटाशी, रंधे, ती छोटी हातोडी.

"एवढ्या लवकर आवराआवर?" तिनं विचारलं.

"रविवारी सकाळी निघतोय. ग्दान्स्कला एका जुन्या चर्चचं काम मिळालंय. तीन वर्षांचं."

"अच्छा," ती म्हणाली. "छान."

"हो. छान काम आहे."

पाऊस पत्र्यावर वाजत राहिला. सेवेरिननं पेटीची कडी लावली, पुन्हा उघडली, पुन्हा लावली.

"बोगनाबाई... तुम्हाला काही सांगायचंय का मला?"

आता सांगा, माणसानं याहून जास्त काय विचारायचं? रीत सांभाळून त्याला जेवढं पुढे येता येत होतं, तेवढा तो आला होता. पुढचं पाऊल तिचं होतं. शब्द अगदी ओठांवर आला. आणि तिला ते चेस्टनटचं झाड दिसलं, ते घड्याळ दिसलं.

"पत्ता कार्यालयात ठेवून जा," ती म्हणाली. "काही पत्र आलं तर पाठवायला बरं पडेल."

त्याचा चेहरा उतरला. "ठेवतो," तो म्हणाला.

ती जिन्यापर्यंत गेली आणि थांबली. "या रंगमंचातही बसवलात का? उलटा तुकडा?"

"बसवलाय."

"कुठे?"

"शोधा," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात रुसवा होता.

रात्रभर तिचा डोळा लागला नाही. सकाळी झेनोनकाकांनी तिच्यासमोर हिरव्या पट्ट्यांच्या सपाता ठेवल्या आणि तिच्याकडे बघत राहिले.

"रडलीस?"

"सर्दी झालीय."

"सर्दीवर औषध असतं, पोरी. ताठ्यावर नसतं. मी माझ्या बायकोला तीन वर्षं अहो-जाहो करत होतो, माहितीय? एकदा तिचा पाय माझ्या पायावर पडला आणि ती ओरडली, 'सरक ना तू!' त्यावरच संसार झाला सगळा."

बोगना हसली, आणि त्या हसण्यातच तिचे डोळे भरले.

थिएटर खच्चून भरलं. ऐंशी पाहुणे, सगळ्यांच्या पायात सपाता. पहिल्या रांगेत ल्युबोमिराबाई, मांडीवर टाईप केलेला कागद. बोगनानं काय बोलायचं ते त्यांनीच लिहून दिलं होतं. पडद्याच्या कडेला, अंधारात, सेवेरिन उभा होता. धुतलेला पांढरा शर्ट, पण पेन्सिल कानामागेच.

बोगना रंगमंचाच्या मधोमध येऊन उभी राहिली. मार्गदर्शकानं इथे उभं राहिलं की आवाज सगळ्या सज्ज्यांपर्यंत पोचतो, हे सेवेरिननंच तिला दाखवलं होतं.

"या ठिकाणी मी तुम्हाला सांगायचं आहे," तिनं सुरुवात केली, "की हे थिएटर राजाच्या काळचं आहे. इथल्या फळ्यांवर राजाचे नट उभे राहिले. कागदावर तसंच लिहिलंय."

ती थांबली. ल्युबोमिराबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"ते खरं नाही. राजाचं थिएटर ऐंशी वर्षांपूर्वी जळालं. मी फोटो पाहिलाय. चार भिंती, आणि वर आभाळ. नाचाच्या दालनात गवत उगवलं होतं, गवत! सहा वर्षं मी लोकांना सांगत आले की राजा या लाकडावर नाचला. मला वाटायचं, त्यातच आपला मोठेपणा. पण राजाला काय जड होतं हो? त्याच्याकडे सगळं होतं, त्यानं बांधलं. आमच्या लोकांकडे डोक्यावर छप्पर नव्हतं, खायला धड नव्हतं, आणि तरी त्यांनी ठरवलं की हे शहर होतं तसं परत उभं करायचं. एकेक वीट. एकेक चांदणी. नाचाच्या दालनातली जमीन अल्बिन स्मोलार नावाच्या माणसानं गुडघ्यावर बसून लावली. फोटोमागे त्याचं नाव कुणी लिहिलं नाही. काल मी लिहिलं."

पडद्याच्या कडेला काहीतरी हललं. बोगनानं तिकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं बोलणं जमलं नसतं.

"म्हणून आजपासून मी सांगणार, हे जुनं नाही. हे आम्ही केलेलं आहे. आणि मला त्याचा अभिमान वाटतो, राजाच्या जमिनीचा वाटायचा त्यापेक्षा कितीतरी जास्त!"

मागच्या सज्ज्यातून एका म्हाताऱ्यानं टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळं थिएटर वाजायला लागलं. ल्युबोमिराबाईंनी मांडीवरच्या कागदाची घडी घातली आणि ती पर्समध्ये ठेवून दिली. बोगनाचा ऊर भरून आला होता, गाल तापले होते, आणि त्या भरात ती बोलत गेली.

"या घराण्याची एक खूण आहे. प्रत्येक कामात एक तुकडा उलटा असतो, सगळ्या रेघा उभ्या आणि त्याच्या आडव्या. नाचाच्या दालनातला मी तुम्हाला दाखवेन. या रंगमंचातला मात्र मलाही माहीत नाही. काल मी विचारलं, तर रुसून बसला नुसता! सेवेरिन, आता तरी सांग ना, तू कुठे बसवलास तो?"

थिएटर गप्प झालं.

आधी तिला कळलंच नाही. मग पहिल्या रांगेतल्या एका बाईचा हात तोंडावर गेलेला दिसला. सोनेरी रंगवाल्या दोघींनी एकमेकींना कोपर मारलं. दाराशी झेनोनकाकांच्या हातातल्या सपाता धपकन खाली पडल्या. आणि मग बोगनाच्या लक्षात आलं. तू! बसवलास! ऐंशी माणसांसमोर, भर फेरीत, ट्रामच्या खिडकीशी बोलावं तसं!

तिच्या कानाच्या पाळ्या पेटल्या. अजून वेळ होता. माफ करा, सेवेरिनराव, तुम्ही, असं म्हटलं की झालं असतं. लोक हसले असते आणि विसरले असते. रविवारची गाडी ग्दान्स्कला गेली असती, आणि कार्यालयात एक पत्ता राहिला असता.

बोगनानं हनुवटी वर केली.

"हो, 'तू' म्हणाले मी," ती पडद्याकडे वळून म्हणाली. आवाज या वेळी मात्र हलला, चांगलाच हलला. "चुकून निघालं. पण परत घेणार नाही मी. तुला नको असेल तर... तर तसं सांग. सगळ्यांसमोर सांग, म्हणजे एकदाच काय ते होऊन जाईल."

सेवेरिन अंधारातून पुढे आला. सपाता घातल्या होत्या, त्यामुळे पावलांचा आवाज नव्हता. तिच्यापासून दोन हातांवर थांबून त्यानं मान झुकवली, रीतसर. सरळ झाला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते.

"सात आठवडे वाट बघतोय," तो म्हणाला. "बोगना."

बाई नाही, काही नाही. नुसतं बोगना. तेवढ्यात सज्ज्यातून कुणीतरी "वाहवा!" ओरडलं.

"ग्दान्स्क..." ती हळूच म्हणाली.

"गाडीनं तीन तास."

"दोन तास पन्नास मिनिटं," ती म्हणाली. "काल रात्री वेळापत्रक पाठ केलंय मी."

तो हसला. मग त्यानं हात पुढे केला, तिच्या बाहीवर बसलेला भुशाचा कण चिमटीत धरला आणि काढला. या वेळी हात परत फिरला नाही.

"तुकडा कुठे आहे ते नाही सांगितलंस," बोगना म्हणाली. "पाहुणे खोळंबलेत."

"तू उभी आहेस तिथे," सेवेरिन म्हणाला. "फळी लावताना विचार केला, ही रोज इथेच उभी राहणार."

बोगनानं खाली पाहिलं. हिरव्या पट्ट्यांच्या सपाता तिनं जराशा बाजूला सरकवल्या. सगळ्या रेघा उभ्या, आणि त्यांच्यामध्ये एवढ्याशा तुकड्याच्या आडव्या.

पाहुण्यांना आता वर राजाच्या सज्ज्यात न्यायचं होतं. झेनोनकाका दार उघडून उभे होते, ल्युबोमिराबाई घड्याळ दाखवत होत्या. बोगनानं हनुवटी वर केली, "चला, पाय घासत या माझ्यामागून," असं खणखणीत आवाजात सांगितलं, आणि स्वतः मात्र त्या तुकड्यावरून हललीच नाही.